पावणेचार लाखांचा हात, बारा लाखांचा हिशोब

पत्र असं आहे:

‘बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी दोन साध्या लेथवर सुरू केलं. आता दोन सीएनसी टर्निंग मशीन, म्हणजे संगणकावर चालणारे लेथ, आणि एक जुनी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन आणि बुश जॉबवर्कनं करून देतो. तीन वर्षांपासून शॉप मी बघते. अडचण माणसांची आहे. पोरगा शिकवून तयार केला की गोव्याला नाहीतर पुण्याला पळतो. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात विक्रेत्यानं कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारा रोबो-हात दाखवला. किंमत पावणेचार लाख अधिक जीएसटी. तीन किलो उचलतो, कुंपण लागत नाही, आठ महिन्यांत पैसे वसूल, असं तो म्हणाला. पिस्टनचा ब्लँक, म्हणजे कापून घेतलेला कच्चा तुकडा, ६० मिमी व्यासाचा, ६३ मिमी लांब, वजन १.४ किलो. तयार पिस्टन ९०० ग्रॅमचा. पहिलं ऑपरेशन एका मशीनवर, दुसरं शेजारच्या मशीनवर, दोन्हीची सायकल, म्हणजे मशीन एक नग कापायला घेतं तो वेळ, ३ मिनिटं ४० सेकंद. काढ-घाल करायला ३५ सेकंद. पाळीत साधारण ९० नग निघतात. एका ऑपरेशनला ३८ रुपये मिळतात. बाबा म्हणतात, हे खेळणं आहे. आमच्याकडे १९ वर्षं मशीन चालवणारे मामा हे ऐकल्यापासून गप्प गप्प आहेत. घ्यावा का? घेतला तर त्यांना काय सांगू?’

ताई, पहिल्यांदा तुमचं कौतुक. सायकल टाइम, वजन, काढ-घालीचे सेकंद असं सगळं मोजून लिहिणारं पत्र क्वचित येतं. बहुतेक जण ‘रोबो घ्यावा का हो?’ एवढंच विचारतात आणि मग त्यांना उत्तर तरी काय देणार? तुम्ही आकडे दिलेत, म्हणून मीही सरळ सांगतो. हा हात घेऊ नका. पण विषय सोडून देऊ नका. तुमच्याच आकड्यांवरून मला असं दिसतंय की तुमच्या शॉपमध्ये रोबो-हाताला काम आहे, फक्त ते या हाताला झेपणारं नाही.

वजनापासून सुरुवात करू. ‘तीन किलो उचलतो’ यातले तीन किलो मनगटाच्या पुढच्या सगळ्याचे असतात. त्यात ग्रिपर, म्हणजे माल धरणारा पंजा आला, त्याच्या बोटांची पकड आली, हवेच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह तिथंच बसवले असतील तर तेही आले. सीएनसी लेथवर माल घालायचा तर दुहेरी ग्रिपर लागतो. एका तोंडात नवा ब्लँक घेऊन हात आत जातो, दुसऱ्या तोंडानं तयार नग काढतो, मनगट फिरवून ब्लँक चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, बसवतो आणि एकाच फेरीत बाहेर येतो. असा ग्रिपर सव्वा किलोच्या आत मिळाला तर बरं म्हणायचं. १.१ किलो धरू. त्यात ब्लँक १.४ आणि पहिलं ऑपरेशन झालेला नग, तो १.१५ धरला. झाले ३.६५ किलो. दुसऱ्या ऑपरेशनवर लावला तर येणारा माल हाच १.१५ चा आणि तयार नग ०.९, तरी ३.१५. म्हणजे पहिल्याच दिवशी हात मर्यादेच्या बाहेर. शिवाय कॅटलॉगमधला आकडा वजन मनगटाच्या अगदी जवळ असताना लागू होतो. दुहेरी ग्रिपरमध्ये वजन तिरकं, बाजूला लोंबतं. तेवढ्या अंतरावर उचलण्याची ताकद आणखी कमी होते, आणि त्याचा आलेख कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक छापलेला असतो.

एकेरी ग्रिपर लावला तर वजनाचं जमेल. पण मग आधी तयार नग बाहेर आणून ठेवायचा, परत ब्लँक घेऊन आत जायचं. दोन फेऱ्या. तुमचे मामा ३५ सेकंदांत करतात त्याला हात मिनिटभर घेईल.

दुसरं, पोच. आज संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर टेप घ्या. मशीनचं दार पूर्ण उघडा, हाताचं स्टँड जिथं उभं राहू शकेल तिथं खडूनं फुली मारा. ती फुली अशी हवी की सेटिंगला, इन्सर्ट (कापणारी टिकली) बदलायला माणूस दारात उभा राहू शकला पाहिजे. मग तिथून चकच्या तोंडापर्यंत मोजा. तीन किलो गटातल्या हातांची पोच साधारण सहाशे ते सव्वासहाशे मिलिमीटर असते. तुमचं अंतर सातशेच्या खाली आलं तर मला आश्चर्य वाटेल. हात पोचावा म्हणून स्टँड दारातच रोवलं, तर पुढं प्रत्येक सेटिंगला ते ढकलायचं आणि प्रत्येक वेळी हाताला जागा नव्यानं शिकवायची. असे कोपऱ्यात ढकललेले हात असतात. त्यांच्यावर मालकाची टोपी आणि जुनी चलनं लटकत असतात.

आता पैशाचा हिशोब. विक्रेत्यानं तुम्हाला कसा सांगितला असेल ते मी अंदाजानं मांडतो. ९० नग गुणिले २५५ सेकंद (सायकल २२०, काढ-घाल ३५) म्हणजे जेमतेम साडेसहा तास. तुमची पाळी आठ तासांची. उरलेला दीड तास चहा, जेवण, इन्सर्ट बदल, पहिला नग तपासणं, गाडी आली की माल भरायला जाणं, यात जातो. हात चहा घेत नाही. त्यानं सव्वासात तास काम केलं, हात थोडा हळू म्हणून २६५ सेकंद धरले, तर ९८ नग होतात. आठ जास्त. एवढ्यावर कुणी रोबो घेत नाही. खरी कमाई पाळी संपल्यावर आहे. ट्रेमध्ये ४० ब्लँक लावून तुम्ही घरी गेलात तर हात अजून तीन तास माल काढत बसतो. म्हणजे दिवसाला ४८ नग जास्त. ३८ रुपयांतून इन्सर्ट, वीज, कूलंट यांचे १० रुपये वजा केले तर नगामागे २८, दिवसाचे १,३४४, पंचवीस दिवसांचे ३३,६००.

ऐकायला छान आहे. पण हात बसणार एका मशीनवर. दुसऱ्या ऑपरेशनच्या मशीननं १३८ नग काढायचे तर पहिल्यानं १३८ द्यायला हवेत, आणि तिथं माणूस ९०च काढतोय. संध्याकाळी सहा वाजता तुमच्या ट्रेमध्ये लावायला ४० नग असतील कुठले? दुसऱ्या मशीनवरून मोकळा झालेला पोरगा पहिल्या मशीनवरच्या मामांना चहा-जेवणाला सुटका देईल, पहिलं मशीन सव्वासात तास चालेल, १०२ नग निघतील. म्हणजे खरी वाढ दिवसाला १२ पिस्टनची. दोन्ही ऑपरेशन मिळून नगामागे ५६ रुपये धरले तर महिन्याला १६,८००. पोरगा कमी केला तर त्याचा पगार वाचेल, पण मग मामांच्या चहाला मशीन थांबणार आणि नग पुन्हा ९०वर येणार. दोन्हींपैकी एकच फायदा मोजायचा. विक्रेते दोन्ही मोजतात.

समोर खर्च किती? पावणेचार लाख हा नुसत्या हाताचा भाव. ग्रिपर आणि त्याची न्यूमॅटिक्स, स्टँड, ट्रे, मशीनचं दार आपोआप उघडायला सिलिंडर, चक उघड-बंद आणि ‘सायकल संपली’ हा निरोप मशीनकडून हाताकडे जायला वायरिंग, सुरक्षेची सामग्री, बसवणी आणि प्रोग्रामिंग, कोरडी हवा द्यायला ड्रायर. प्रत्येकाचं कोटेशन वेगळं मागवा, पण माझ्या अंदाजानं बेरीज आठ लाखांच्या आसपास जाते. कमी किमतीच्या हातात हे नेहमीच होतं, कारण हात स्वस्त झाला म्हणून ग्रिपर, दार आणि वायरमन स्वस्त होत नाहीत. आठ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी साधारण १७,४०० बसतो. कमाई १६,८००. बाबांना एवढंच दाखवलंत तरी ते खूश होतील.

पण त्यांना फार खूश होऊ देऊ नका, कारण हाच हिशोब थोडा पुढं नेला की उलटा फिरतो. सायकल २२० सेकंदांची आणि काढ-घाल ४५ सेकंदांची असेल तर हात बाकीचा वेळ रिकामाच उभा असतो. तो दोन मशीन सहज सांभाळेल. दोन्ही मशीन समोरासमोर किंवा काटकोनात, मधे हात, आणि पहिल्या ऑपरेशनचा नग उलटा धरायला मधे एक छोटं ठाणं. यासाठी लागतो पाच किलोचा आणि नऊशे मिलिमीटरच्या वर पोच असलेला हात. ३.६५ किलो त्याला झेपतात. सगळं धरून बारा लाख म्हणू. यात मशीन हलवून पुन्हा लेव्हल करण्याचा खर्चही आला. आता संध्याकाळचे ४० नग दोन्ही ऑपरेशन पूर्ण होऊन बाहेर पडतात. ४८ गुणिले ५६ गुणिले २५, म्हणजे ६७,२००. बारा लाखांचा हप्ता २६,१००. पैसे साधारण दीड वर्षात वसूल. महाग हात लवकर फिटतो आणि स्वस्त हात फिटतच नाही, असा तुमच्या शॉपचा मामला आहे.

यात एक मोठा ‘जर’ आहे. महिन्याला बाराशे पिस्टन जास्त घेणारा गिऱ्हाईक हवा. आज तुमच्याकडे माल पडून मशीन कमी पडतंय, की मशीन रिकामं आणि माल येत नाही? पत्रात हे नाही. तुमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून पुढच्या सहा महिन्यांचं शेड्यूल मागा. तोंडी नको, मेलवर. त्यानं ‘बघू या की’ म्हटलं तर तुम्हीही बघू याच म्हणा. आणि पंधरा दिवस दोन्ही मशीनजवळ एक वही ठेवा. मशीन थांबलं की वेळ आणि कारण. ब्लँक नव्हता, इन्सर्ट गेला, लाइट गेली, माणूस नव्हता. ‘माणूस नव्हता’ हे कारण निम्म्यापेक्षा कमी निघालं तर रोबोचा खर्च चुकीच्या दुखण्यावर होतोय.

‘खेळणं’ या शब्दावर बाबांशी थोडं भांडावं लागेल. टेबलावरचे शिकवण्याचे हात असतात. मायकोबॉट २८० अडीचशे ग्रॅम उचलतो, डोबॉट मॅजिशियन पाचशे ग्रॅम. कॉलेजच्या पोरांना छान, तुमच्या शॉपमध्ये खेळणंच. त्याच्या वर जर्मनीच्या इगस कंपनीचा प्लॅस्टिक गिअरचा रीबेल आहे, दोन किलो उचलणारा. पण त्याची अचूकता एक मिलिमीटरच्या घरात. खोक्यात पाकिटं भरायला चालेल, चकमध्ये पिस्टन बसवायला नाही. आणि मग फेअरिनो, जाका, डोबॉटची सीआर मालिका असे चिनी कोबॉट येतात. यांच्या सांध्यांत खरे हार्मोनिक गिअर, म्हणजे ढिलेपणा जवळपास नसलेले गिअर, असतात आणि कागदावर पुनरावृत्तीची अचूकता दोन-तीन शतांश मिलिमीटर असते. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सनं २००८ मध्ये पहिला कोबॉट विकला, त्याच वाटेवर चालणारी ही स्वस्त मंडळी आहेत. ती खेळणी नाहीत. पण त्यांच्यातही डावं-उजवं आहे आणि ते कॅटलॉगवरून कळत नाही.

म्हणून डेमो. विक्रेत्याच्या हॉलमध्ये तो हात रंगीत ठोकळे उचलतो, पेला भरतो, हात हलवतो. ते बघायला जाऊ नका. तुमचे वीस ब्लँक आणि दहा तयार पिस्टन पिशवीत घालून न्या. पुसून नका नेऊ, तेलकटच असू देत. सोबत वजनकाटा, शतांश मिलिमीटर मोजणारा डायल आणि तो उभा करायला मॅग्नेट बेस. आणि मामांना न्या.

पिस्टन ग्रिपरमध्ये देऊन हात पूर्ण लांब करायला सांगा आणि तिथं पूर्ण वेगानं थांबायला सांगा. थांबल्यावर टोक थरथरतं का, किती वेळ थरथरतं, ते बघा. मग डायल लावा. एकाच जागी हात तीस वेळा यायला हवा, आणि काटा कुठं थांबतो ते मामांनी लिहायचं. लगेच निष्कर्ष काढू नका. हात दोन तास तसाच चालू ठेवा, तोवर जेवून या, आल्यावर त्याच जागी पुन्हा डायल. सांधे तापले की स्वस्त हाताचा काटा सरकतो. पुनरावृत्तीची अचूकता म्हणजे शिकवलेल्या जागी परत परत येणं. संगणकात आकडा टाकून नव्या जागी अचूक जाणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यात दोन-तीन शतांशांचं वचन कोणी देत नाही. तुमच्या कामाला पहिली पुरते, कारण ब्लँक ट्रेच्या ठरलेल्या खाचेत असणार आणि चक स्वतः जॉब, म्हणजे धरलेला नग, मधे आणतो. पण ट्रेच्या चाळीस खाचा हिशोबानं शिकवायच्या तर दुसरीही थोडी लागते. चार कोपऱ्यांच्या खाचा शिकवून मधल्या खाचेत हात बरोबर जातो का, हे तिथंच करून घ्या.

मग जॉब हवेत असताना प्लग काढायला सांगा. विक्रेता आढेवेढे घेईल. घेऊ देत. आपल्याकडे वळवाचा एक पाऊस झाला की लाइट किती वेळा जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. लाइट गेली की प्रत्येक सांध्याचा ब्रेक लागून हात आहे तिथंच थांबायला हवा. खाली लोंबला तर विषय संपला. ग्रिपरची हवा तोडून बघा. जॉब पडला, तर हवा गेली तरी धरून ठेवणारा स्प्रिंगचा किंवा चेक व्हॉल्व्हचा ग्रिपर लागेल आणि कोटेशन वाढेल. लाइट परत आल्यावर हाताला आपण कुठं आहोत ते आठवतं का, की तो ‘होम’ला जायचा हट्ट धरतो? चकमध्ये ग्रिपरची बोटं अडकलेली असताना होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, जाणारा हात एका झटक्यात ग्रिपरही मोडेल आणि चकचे जॉ, म्हणजे पकडीचे जबडेही.

शेवटी पिस्टन बाजूला ठेवून बुश द्या आणि म्हणा, आता हा घालून दाखवा. विक्रेत्याच्या इंजिनिअरनं नाही, मामांनी. हात धरून जागा दाखवता येते, त्यासाठी प्रोग्रामिंग लागत नाही, असं ते सांगतातच. तर मग करू द्या. घड्याळ लावा. जॉबवर्कच्या शॉपमध्ये आठवड्याला जॉब बदलतो, आणि प्रत्येक बदलाला बाहेरचा माणूस बोलवावा लागत असेल तर तो हात तुमच्या कामाचा नाही. पेंडंटच्या, म्हणजे हात चालवायच्या रिमोटच्या, स्क्रीनवरची भाषा, एरर आल्यावर येणारा मजकूर, एररची पूर्ण यादी, हे सगळं त्याच वेळी बघून घ्या. तुमच्याकडची माणसं मराठी आणि कन्नड बोलतात. चार पानांची कृती दोन्ही भाषांत लिहून भिंतीवर लावायचं काम तुमचं. पण मुळात एरर इंग्रजीत तरी नीट आहे का, हे त्याचं.

डेमोत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे चिप्स, कापताना निघणारा धातूचा कीस. स्टीलची लांब चिप चकच्या जॉभोवती गुंडाळते. मामा हवेची गन मारतात, हातानं ओढतात, जॉवरून बोट फिरवतात आणि मग जॉब लावतात. हे करताना त्यांना स्वतःलाही कळत नसेल. हाताला ते दिसत नाही. तो चिपवरच जॉब बसवेल, जॉब वाकडा धरला जाईल, टूल धडकेल. म्हणून आधी चिप तुटेल असा इन्सर्ट आणि फीड ठरवा, चकवर हवेचा झोत बसवा, आणि मग माणसानं हात न घालता सलग चाळीस नग निघतात का बघा. हे रोबो न घेताही करता येतं आणि खर्च काही हजारांचा आहे. तसंच इन्सर्टचं. पन्नास नगांनंतर साइज सुटत असेल आणि ट्रे तिसाव्या नगाला सुरू झाला, तर सकाळी वीस पिस्टन भंगारात. इन्सर्टची मोजणी मशीनच्या कंट्रोलरमध्ये चालू करा आणि संध्याकाळचा ट्रे कायम नव्या कडेवर सुरू करा.

आता ‘कुंपण लागत नाही’. कोबॉटच्या धडकेत माणसाच्या कोणत्या अवयवावर किती जोर चालेल, याची मार्गदर्शक मर्यादा २०१६ मध्ये आयएसओ टीएस १५०६६ या दस्तऐवजात आली. त्यात हाताबरोबर अख्खं काम धरलं जातं. हात गुळगुळीत असेल, पण त्यात करवतीनं कापलेल्या धारदार कडेचा दीड किलोचा ब्लँक असेल आणि तो तोंडाच्या उंचीवरून फिरत असेल, तर तो ‘सुरक्षित हात’ राहत नाही. माणसाशेजारी कुंपणाशिवाय चालवायचा तर वेग खूप कमी ठेवावा लागतो, आणि वेग कमी केला की वर धरलेले सेकंद वाढतात. विक्रेत्याला एवढंच विचारा: आठ महिन्यांचा हिशोब कोणत्या वेगावर केला? कुंपणाशिवायच्या वेगावर, की पूर्ण वेगावर? मला वाटतं तो हिशोब एका वेगाचा आहे आणि वचन दुसऱ्याचं. तुम्ही साधं जाळीचं कुंपण करा. त्याला दार, दाराला स्विच. दार उघडलं की हात थांबला पाहिजे. लेझर स्कॅनरपेक्षा ते स्वस्त पडतं आणि तुमच्या मांडणीत रोज आत जायचं कामही नाही. मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) मात्र कोणालाही बायपास करू देऊ नका, ‘तात्पुरता’ म्हणूनही नाही. आणि पहिले दोन महिने संध्याकाळच्या तीन तासांना कोणीतरी शॉपमध्ये असू द्या.

मामांचं. पत्रात तुम्ही ‘काय सांगू’ विचारलंत. माझ्या मते आधी सांगायचं नाही, विचारायचं. कोणता जॉब हाताला द्यावा, कोणता देऊ नये, हे तुमच्या शॉपमध्ये त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. टूलचा आवाज बदलला की ते दुसऱ्या मशीनवरून मान वळवत असतील. ते हात करणार नाही. डेमोला नेणं यासाठीच. पण नुसत्या मानानं भागत नाही. हात आला तर ते दोन मशीन, हात, पहिल्या नगाची तपासणी आणि संध्याकाळचा ट्रे सांभाळणार. ती ऑपरेटरची नोकरी राहत नाही, सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याची होते. तेव्हा पगार किती वाढणार तो आकडा ऑर्डर द्यायच्या आधी ठरवा, बाबांसमोर सांगा, आणि तो बारा लाखांच्या हिशोबात घाला. गप्प बसलेला जुना माणूस बहुतेक दुसरीकडे विचारणा करत असतो, आणि उद्यमबागेत किंवा मच्छेत त्यांना आठवड्यात काम मिळेल. ते गेले तर हाताला शिकवणार कोण?

पोरं पळतात त्यावर मात्र हात हा उपाय नाही. तो त्यांची जागा निम्मी भरेल. हात चालवायला मिळतो म्हणून एखादा टिकेल, किंवा तेवढं शिकून पुण्याला आणखी लवकर जाईल. दोन्ही धरून चाला.

विक्रेत्याबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकेत रीथिंक रोबोटिक्सनं बॅक्स्टर नावाचा कोबॉट साधारण बावीस हजार डॉलरला आणला. स्वस्त, कुणीही शिकवू शकेल असा, छोट्या कारखान्यांसाठी. सुरक्षित होता, पण अचूकतेत कमी पडला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. हात ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडेच राहिले. तुमचा विक्रेता बहुधा आयात करून विकतो, म्हणजे इथं दोन कंपन्या टिकायला हव्यात, बनवणारी आणि विकणारी. त्याच्याकडे सुटा कंट्रोलर आणि एक सुटा सांधा भारतात स्टॉकला आहे का? असेल तर दाखव म्हणा. आपल्या बाजूला बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीला त्याचा एक तरी हात रोज चालतोय का? असेल तर त्याला न सांगता जाऊन बघा, दुपारी तीनच्या सुमाराला. पुण्याहून किंवा बंगळुरूहून माणूस यायचा तर एक दिवस प्रवासातच जातो, आणि तेवढे दिवस दोन्ही मशीन माणसांनी चालवायची तयारी हवी. म्हणून मांडणी अशीच करा की हात बाजूला सारून माणूस उभा राहू शकेल.

बुशांसाठी रोबोचा विचारही नको. बुशाचा बार तुमच्या स्पिंडलमधून, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्यातून, जात असेल तर बार फीडर (बार आपोआप पुढं सरकवणारी यंत्रणा) आणि पार्ट कॅचर (तयार नग झेलणारा) लावा. पिस्टनचा ६० मिमी बार बहुधा जाणार नाही, म्हणून तिथं हाताचा प्रश्न येतो. मला विचाराल तर पहिली गुंतवणूक बार फीडरची. जुनी, पारखलेली वस्तू आहे आणि दुरुस्त करणारे गावात सापडतात.

मांडणीचं चित्र आणि ट्रे यांसाठी गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज तुमच्या दारातच आहे, आणि जीटीटीसी या सरकारी टूलरूम व प्रशिक्षण संस्थेचं केंद्रही बेळगावात आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना असा खरा प्रकल्प हवाच असतो, जाऊन बोला. चाळीस खाचांचा ट्रे आणि नग उलटायचं ठाणं एवढं त्यांच्याकडून झालं तरी विक्रेत्याच्या कोटेशनमधला एक आकडा कमी होईल.

पैशाचं थोडक्यात. नियमित जीएसटी भरत असाल तर १८ टक्के क्रेडिट मिळेल, पण आधी खिशातून जातात, तेव्हा ते खेळत्या भांडवलातून काढू नका. उद्यम नोंदणी असेल तर सीजीटीएमएसई, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट, याच्या हमीवर तारण न देता कर्ज मिळतं का ते बँकेत विचारा. घर गहाण ठेवून रोबो घेऊ नका. ॲडव्हान्स तीस टक्क्यांच्या वर नको. शेवटचे तीस टक्के तेव्हाच द्या, जेव्हा तुमच्या शॉपमध्ये, तुमच्या मशीनवर, तुमच्या पिस्टनचे सलग चाळीस नग माणसाचा हात न लागता सलग तीन दिवस निघतील. ही अट ऑर्डरवर लिहा. त्याच कागदावर ग्रिपरचं वजन, हाताची पोच आणि कुंपणासह मिळणारा सायकल टाइम, हे तीन आकडे त्याच्या सहीनिशी घ्या.